औषधाला लागलेलं ऊन

माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिला साखरेचा आजार झाल्याचं कळलं. सत्तरच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं होती. जत तालुक्यातल्या एका वाडीवर आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. आमचे हे फौजेत, दूर सरहद्दीवर. घरात मी, सासूबाई आणि ती एवढीच माणसं. सासूबाईंना मी आत्या म्हणायची.

साखरेचा आजार गादीवर बसून खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना होतो, असं आम्ही ऐकून होतो. भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाणाऱ्या पोरीला तो कसा होईल? पण ती पाणी प्यायची थांबेना. तांब्यावर तांब्या रिचवायची आणि पुन्हा रांजणापाशी जायची. अंग वाळत चाललं. अंगणाच्या कडेला ती लघवीला बसली की थोड्या वेळात तिथं मुंग्यांची रांग लागायची. आत्यांनीच ते पहिल्यांदा पाहिलं. त्या म्हणाल्या, "ह्ये काय साधं न्हाई. पोरीला मिरजंला ने."

मिरजेच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. मध्यम वयाच्या, बोलायला तुटक, पण हात मऊ. त्यांनी तपासून सांगितलं, "हिच्या अंगात एक रस तयार व्हायला हवा, तो होत नाही. तो रस रोज सुईनं बाहेरून द्यायचा."

"किती दिवस?" मी विचारलं.

"जगेल तितके दिवस."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि माझ्या हातात काचेची पिचकारी दिली. आठवडाभर मला तिथंच ठेवून घेतलं आणि शिकवलं. पिचकारी उकळायची, बाटली तळव्यात हलकेच घोळवायची, दुधासारखं औषध रेघेपर्यंत ओढायचं, मांडीची चिमूट धरायची. पहिल्यांदा सुई टोचताना मी चिमूट धरून इतका वेळ थांबले, की मुलगीच म्हणाली, "आये, डोळं झाकून टोच."

लघवीतली साखर बघायची रीतही बाईंनी शिकवली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात उभी धरायची. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि फार असेल तर विटेसारखा लाल. थंड असताना काहीच कळत नाही. साखर कितीही असो, नळी निळीच दिसते. तापली की खरं बाहेर येतं.

मुलीला हे फार लवकर समजलं. रंग लाल आला की मी तिच्या ताटातली भाकरी निम्मी करायची, हेही समजलं. एका सकाळी मी नळी चुलीकडं नेत होते, तर तिनं माझा पदर धरला.

"आये, नको ना तापवू. बघ की, निळं हाय. थंडच ऱ्हाऊ दे."

मी तिचा हात सोडवला आणि नळी पाण्यात धरली. ती भिंतीकडं तोंड करून बसली.

बाईंनी निघताना एक गोष्ट दोनदा बजावली होती. औषध थंड जागी ठेवा. वाडीवर वीज नव्हती. थंडाव्याची पेटी मी फक्त त्या दवाखान्यातच पाहिली होती. पण आमच्या घरातली सर्वांत गार जागा कुठली ते मला ठाऊक होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचा मोठा रांजण अर्धा जमिनीत पुरलेला होता. तो सतत पाझरायचा आणि त्याच्या भोवतीची वाळू बारा महिने ओली असायची. भर वैशाखातही तिथं हात ठेवला तर गार लागायचं. बाटली फडक्यात गुंडाळून मी त्या वाळूत ठेवली. पहिलं वर्ष एकामागून एक बाटल्या तिथंच राहिल्या आणि काही बिघडलं नाही. मुलगी अंगानं भरली. शाळेत जायला लागली. रंग कधी हिरवा, कधी निळा. मला वाटलं, जमलं आपल्याला.

मग पाऊस आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

विहिरीच्या तळाशी चिखल उरला, मग तो चिखलही तडकला. लोक जनावरं घेऊन नदीकाठाकडं गेले. वाडीवर सरकारी टँकर यायचा, तोही रोज नाही. प्यायचं पाणी घागरीतच संपून जायचं, रांजणात ओतायला उरायचंच नाही. रांजण कोरडा पडला. भोवतीची वाळू आधी भुरभुरीत झाली, मग गरम. चैत्र लागला तेव्हा त्या कोपऱ्यात आणि बाहेरच्या ओसरीत काही फरक राहिला नव्हता. वर पत्रा तापून कडकड वाजायचा. बाटली मी माठाखाली ठेवून पाहिली, धान्याच्या कणगीत ठेवून पाहिली, जमिनीत खड्डा करून पुरून पाहिली. जिथं हात घालावा तिथं ऊब.

नळीतला रंग नारिंगी यायला लागला. मग रोज विटकरी. मी भाकरी कमी केली, आणखी कमी केली. तरीही विटकरी. पोर पुन्हा पाण्यासाठी आशाळभूत झाली, आणि या वेळी घरात पाणी नव्हतं. शेजारच्या घरात जाऊन ती पाणी मागायची. तिथल्या बाया तोंडावर काही बोलत नसत, पण तांब्या अर्धाच भरत.

बाजाराच्या गावी एक डॉक्टर होते, त्यांच्याकडं गेले. त्यांनी औषधाची रेघ वाढवून दिली. आठ दिवसांनी आणखी वाढवली. मी तितकं टोचत होते. माझ्या हातानं, डोळ्यांदेखत औषध पोरीच्या अंगात जात होतं आणि पोर मात्र औषधच न दिल्यासारखी वाळत होती.

एका दुपारी ती उठेना. श्वास खोल आणि भरभर चालला होता, पळून आल्यासारखा. तोंडाला पिकून सडलेल्या फळांचा वास येत होता. आत्यांनी तिला हुंगलं आणि त्या तटकन उभ्या राहिल्या.

"यष्टी धर. आत्ता."

त्या स्वतः सडकेवर धावल्या, पायात काही न घालता, आणि यष्टी आल्यावर तिच्यापुढं आडव्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हर ओरडला, "म्हातारे, मरायचंय का?"

"म्या न्हाई रं. माजी नात मराया लागलीया. घे तिला."

मिरजेपर्यंत मी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. तिचा एकेक श्वास मी मोजत नव्हते, ओढत होते. बाटली माझ्या कमरेला पिशवीत होती.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. सलाईन लावलं, नवं औषध दिलं. संध्याकाळपर्यंत श्वास जरा शांत झाला. तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्याकडं आल्या आणि माझी बाटली मागितली. उजेडासमोर धरून त्यांनी ती कलती केली. आतलं दूध फुटल्यासारखं झालं होतं. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते.

"हे कुठं ठेवत होता?"

मी सगळं सांगितलं. रांजण, ओली वाळू, पत्रा, दुष्काळ. मला वाटलं, बाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. बाकड्यावर माझ्याशेजारी बसल्या.

"उन्हाळ्यात दूध विरजलं तर दही कधी लागतं?"

"दोन-तीन तासांत. लवकरच आंबतं."

"आणि थंडीत?"

"लागतच न्हाई लवकर. भांडं घोंगडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवतो."

"म्हणजे विरजण तेच, दूध तेच. फक्त ऊब वेगळी. जगात कुठलीही वस्तू बदलते ना, दूध आंबतं, फळ पिकतं, औषध बिघडतं, त्या सगळ्यांचं असंच आहे. उष्णता वाढली की बदल नुसता वाढत नाही, धावत सुटतो. थोडी उष्णता वाढली की दुप्पट, आणखी थोडी वाढली की दुपटीची दुप्पट. तुमच्या ओल्या वाळूत हे औषध महिनोन्‌महिने टिकलं असतं. तापल्या पत्र्याखाली ते काही दिवसांत मेलं. तुम्ही टोचत होता ते औषध नव्हतंच. नुसतं पांढरं पाणी होतं."

मी ऐकत होते. दह्याचं मला कळलं, अगदी सहज कळलं. पण कळल्यावर जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. वाघ आला तर माणूस दार लावून घेईल. इथं तर ऊनच शत्रू होतं, आणि ते घरात, भांड्यात, वाळूत, सगळीकडं आधीच येऊन बसलं होतं.

"बाई, मी काय करू?" मी विचारलं. "आमच्याकडं पाऊस येईपर्यंत असंच तापणार."

बाईंनी दोन मडक्यांची युक्ती सांगितली. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, दोन्हींच्या मधल्या फटीत वाळू भरायची आणि ती वाळू ओली ठेवायची. पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं. आतलं मडकं गार राहतं. "पण वाळू सुकू द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं. विसरलात तर उपयोग नाही."

मी विसरणार नव्हतेच. पण पाणी कुठून आणणार होते?

मुलगी जगली. तिला घेऊन मी वाडीवर परत आले, नवी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून. दोन मडकी केली. आता टँकरच्या पाण्यात तीन माणसांशिवाय चौथा वाटेकरी आला. सकाळी एक तांब्या मडक्याला, संध्याकाळी एक तांब्या. ते पाणी वाळूत जायचं आणि दिसेनासं व्हायचं. अंघोळ आम्ही केव्हाच सोडली होती. आता भांडी राखेनं कोरडी घासायला लागलो. आत्यांची एक गाय होती, तिच्या वाट्याचं पाणी कमी झालं. ती दावणीला उभी राहून माझ्याकडं बघायची. एके दिवशी आत्यांनी तिला चारा-छावणीवर सोडून दिलं. परत आल्यावर रिकामं दावं गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकलं.

वाडीतल्या बाया टँकरपाशी बोलायला लागल्या होत्या. एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "हितं लेकरांच्या घशाला कोरड पडलीया, आन ही औषदाला पाणी पाजतीया."

आत्यांनी घागर खाली ठेवली. "व्हय," त्या म्हणाल्या, "पाजतीया. माज्या वाटचं पाजतीया. तुज्या घागरीला हात लावलाय का तिनं?"

ते खरंच होतं. आत्या स्वतःचं पाणी वाचवत होत्या. त्यांचे ओठ फुटून रक्त यायचं, पण मी तांब्या पुढं केला तर म्हणायच्या, "मला न्हाई लागत गं तान. म्हाताऱ्या माणसाला कशाची तान."

मग टँकर यायचा बंद झाला. कुठं बिघडला की दुसरीकडं वळवला, ते कोणालाच माहीत नव्हतं. लोक मैलोन्‌मैल चालून झऱ्यातून वाटी-वाटी पाणी भरून आणत होते. मडक्यातली वाळू सुकली. मी आतल्या मडक्यात हात घातला आणि मला ऊब लागली. बाटली उजेडात धरून बघत राहिले. कण दिसतात का? दिसत नव्हते. म्हणजे ती चांगली होती का? अर्धी चांगली होती? पाव? पिचकारीवर रेघा होत्या, पण त्या रेघेइतक्या औषधात औषध किती उरलंय हे सांगणारं जगात कोणी नव्हतं.

नळी पुन्हा नारिंगी झाली. मी बाजारच्या डॉक्टरांना उन्हाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग जोर कमी झालाय तर जास्त द्या. रंग बघत वाढवा." दुसरं ते तरी काय सांगणार होते? मी रेघ वाढवली. रंग पिवळा आला. आणखी वाढवली. हिरवा आला. आता माझ्या लेखी मोजमाप असं काही उरलं नव्हतं. रोज सकाळी मी नळी बघायची आणि अंधारात पाऊल टाकावं तशी सुई टोचायची.

ती बाटली संपत आली तेव्हा मिरजेहून नवी मागवली. ओळखीच्या कंडक्टरनं ती ओल्या रुमालात बांधून आणली. पण वाटेत यष्टी बंद पडली होती आणि दिवसभर माळावर उन्हात उभी होती, असं त्यानंच सांगितलं. रुमाल खडखडीत वाळला होता. मला वाटलं, हीही गेली. तरी जपून, जुन्या बाटलीची जितकी रेघ देत होते त्याहून जरा कमी दिली.

त्या दिवसांत मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. मुलीला सोबत न्यायची. बाभळीच्या सावलीत इतर मुलांबरोबर ती बसायची. कामावरच्या लोकांना सुकडी वाटायचे, गोड पिठासारखी. सगळी पोरं मुठी भरून खायची. आमची मुलगी हात मागं बांधून बघत राहायची. तिनं कधी मागितली नाही. नवी बाटली सुरू केली त्या सकाळी मात्र म्हणाली, "आये, येक चिमूट?" मी नको म्हटलं.

दुपारच्या आधी एक पोरगी धावत आली. "मावशे, तुमची पोर येड्यावानी कराय लागलीया."

मी हातोडी टाकून पळाले. मुलीचं अंग घामानं निथळत होतं. हात थरथरत होते. माझ्याकडं बघत होती पण मला ओळखत नव्हती. बाया जमल्या. "ऊन लागलं," एकीनं सांगितलं. "कांदा फोडून नाकाला लावा." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ऊन लागलेल्याचं अंग चटके देतं. हिचं अंग गार होतं, चिकट आणि गार. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाटली मेलेली नव्हती. ती पुरी जिवंत होती. मी पोरीला तिच्या ताकदीच्या कितीतरी पट औषध दिलं होतं, तिच्या अंगातली साखर पार उतरली होती.

"सुकडी!" मी ओरडले. "सुकडी द्या, पाणी द्या!"

कोणाला काही कळेना. जिला मी इतकी वर्षं गोडाचा कण शिवू दिला नव्हता, तिच्यासाठी मी सुकडी मागत होते. टँकरपाशी मला बोललेली तीच बाई पुढं आली. तिनं आपल्या प्यायच्या पाण्यात सुकडी कालवली आणि माझ्या हातात वाटी दिली. मुलीचे दात घट्ट बसले होते. मी बोटानं ती ओली सुकडी तिच्या गालाच्या आतून चोळली. थोडी, मग आणखी थोडी. ओठांतून ती परत बाहेर यायची. मी पुन्हा आत सारायची. त्या बाईनं मुलीचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि ती रडत होती. मला रडू येत नव्हतं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मुलीनं जीभ हलवली. मग गिळलं. मग डोळे माझ्यावर आणून हळूच म्हणाली, "ग्वाड हाय."

संध्याकाळी घरी आत्या ओसरीवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवला.

"तुज्या म्हायेरच्या हिरीला पाणी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

माझं माहेर लोणंदजवळ. पाटाच्या पाझरानं तिथली विहीर आटत नसे. "आहे," मी म्हणाले.

"मग जा. हितं ऱ्हायलीस तर पोर जाईल. औषदानं जाईल न्हाईतर औषदाबिगर जाईल, पर जाईल."

"आणि तुमी, आत्या? चला की."

"म्या कशाला? घर हाय, ल्योकाचा फौजंतला दाखला हाय, त्याची पत्रं येत्यात. कुनीतरी हितं असाया पायजे." मग म्हणाल्या, "आन तुज्या आईच्या दारात म्या कुटं येऊ गं."

मी पुष्कळ विनवलं. त्या हलल्या नाहीत. निघताना त्यांनी बाटली स्वतः ओल्या फडक्यात गुंडाळली. ते फडकं भिजवायला जे पाणी लागलं, ते घरात उरलेलं शेवटचं पाणी होतं, हे मला सडकेवर पोचल्यावर लक्षात आलं.

मिरजेहून रेल्वेच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. प्रत्येक ठेसनावर मी उतरून नळावर फडकं भिजवत होते. सोबतीच्या माणसांना वाटलं असेल, बाईला खूळ लागलंय. कराड गेलं, सातारा रोड गेलं. वाठारच्या पुढं घाटात हवा जरा बदलली. मुलगी खिडकीशी झोपली होती. मी बाटली गालाला लावून पाहिली. गार होती. तरी पाच मिनिटांनी पुन्हा लावून पाहिली.

माहेरी माझ्या भावानं पितळेच्या डब्यात बाटली घातली, डबा दोरीला बांधला आणि विहिरीत पाण्यापर्यंत सोडला. रोज सकाळी तो वर ओढायचा, औषध घ्यायचं आणि परत सोडायचा. त्या खोल पाण्यात चैत्र आणि श्रावण सारखेच होते. रेघ पुन्हा रेघेसारखी झाली. मुलीला सुरुवातीला जेवढं लागत होतं तेवढंच आता पुन्हा लागायला लागलं. नळी निळी यायची. ती आता मला हौसेनं म्हणायची, "लवकर तापव की."

पण मला सुख नव्हतं. भरल्या विहिरीच्या काठावर उभी राहिले की वाडी आठवायची. पलीकडं ऊस उभा होता, त्याला पाटानं पाणी चाललेलं असायचं, आणि तिकडं एक म्हातारी ओठ फुटून बसली होती. भावाला मी म्हटलं, "आत्यांना घेऊन ये." तो दोनदा गेला. दोन्ही वेळा एकटाच परत आला.

मृग कोरडा गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी वाडीवरून माणूस आला. आत्या गेल्या होत्या. जुलाब झाले होते. झऱ्याचं गढूळ पाणी सगळेच पीत होते. आजारी पडून दोन दिवसांत संपल्या. आदल्या दिवसापर्यंत कोणाला काही बोलल्या नव्हत्या.

हे रजेवर आले ते दहनाला पोचले नाहीत. वाडीवरून तसेच लोणंदला आले. अंगणात आले तेव्हा मुलगी दोरीनं डबा ओढत होती. ती आता एवढी उंच झाली होती, की त्यांनी आधी तिला ओळखलंच नाही.

"आईला येकटी टाकून आलीस," ते मला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"त्यांनीच धाडलं."

"आन तू आलीस."

"व्हय," मी म्हणाले. "आले. पुन्हा तसं झालं तरी येईन."

ते विहिरीच्या कठड्यावर बसले. मुलीनं त्यांच्यासमोर बाटली उघडली, पिचकारी भरली आणि स्वतःच्या मांडीत स्वतः टोचून घेतली. त्या आठवड्यात मी तिला ते शिकवलं होतं. तिच्या बापानं मान दुसरीकडं वळवली. ज्या माणसानं लढाई पाहिली होती, त्याला ती सुई बघवली नाही. मग ते उठले, विहिरीवरच तोंड धुतलं आणि किती तरी वेळ ओंजळीत तोंड धरून तसेच उभे राहिले.

वाडीवर आम्ही पुन्हा राहायला गेलो नाही. हे निवृत्त झाल्यावर साताऱ्यात दोन खोल्या घेतल्या, आणि त्या घरात पहिली वस्तू आली ती थंडाव्याची पेटी. मुलगी शिकली, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. तिशीत तिची नजर अधू झाली, मग मूत्रपिंडांनी दगा दिला. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दिवसांत ती आजीबद्दल विचारायची, आणि मी सांगत राहायची, की तिची आजी यष्टीपुढं आडवी उभी राहिली होती, पायात काही न घालता, तापलेल्या डांबरावर.

"पाय भाजलं असतील," ती म्हणायची.

"भाजले होते. मी परत आले तेव्हा फोड बघितले."

"मग तिनं काय केलं?"

"काही नाही. उठून टँकरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या."